कारासु चढावरचे दहा सेंटिमीटर

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सभेत मला कारासु चढाच्या रहिवासी मंडळाचा अध्यक्ष निवडलं. बिनविरोध. चिझुरु म्हणाली, अहो, दुसरं कुणी उभंच नव्हतं. बायकोला यातलं कळत नाही. लोक उभे राहत नाहीत, कारण समोर कोण आहे ते त्यांना माहीत असतं.

योग्य वेळी निवडलं. महापालिकेने यंदा पायलट प्रोजेक्टसाठी शहरातले सहा चढ घेतलेत, त्यात आपला. आमच्याच कुंपणाजवळच्या वळणावर खांब उभा केलाय, वर सेन्सर. तो खाली लेसर सोडून बर्फाची उंची मोजतो. संध्याकाळपासून पहाटे पाचपर्यंत दहा सेंटिमीटर नवा बर्फ पडला की बर्फगाडीला आपोआप निरोप जातो आणि साडेसहाच्या आत ती चढ साफ करून जाते. दहाच्या आत असेल तर येत नाही. संपलं. वशिला नाही, फोनवर रडणं नाही.

बंदरावरच्या शीतगृहात एकतीस वर्षं तापमानाची नोंद मी ठेवली आहे. यंत्राचं आणि माझं जमतं. महापालिकेने हाच चढ का निवडला, हे कुणी उघड बोलणार नाही, पण मला समजायचं ते समजलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दारात एबिना. दोन घरं वर राहतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. नखं अजून काळी. चार वर्षं आमचं बोलणं नाही. त्याने भलत्या वारी कचरा ठेवला होता, कावळ्यांनी पिशवी फोडली आणि सॅमनचं आतडं ओढत ओढत माझ्या फाटकापर्यंत आणलं. ते आतडं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

तर म्हातारा फॉर्म घेऊन आला होता. आपला चढ महापालिकेच्या प्राधान्य यादीत घालावा, म्हणजे कमी बर्फ असला तरी गाडी येते. त्यावर अध्यक्षाची सही लागते. मुदत तीस तारखेपर्यंत. बघतो तर सहीच्या जागी मारलेला त्याच्या नावाचा शिक्का उलटा उमटलेला. म्हटलं, हे काय? म्हणाला, हात थरथरतो. 'कारण' या रकान्यात पेन्सिलने चार ओळी. पेन्सिलने! सरकारी फॉर्मवर! वाचायची गरज वाटली नाही. शांतपणे सांगितलं, आता सेन्सर आहे, आता शिफारशी बंद.

 म्हणाला, बरं, कुरामोची. अध्यक्षाला नुसत्या आडनावाने! आणि गेला. पायपुसणं समोर असताना बुटांचं पाणी बाहेरच्या फरशीवर. शी.

फॉर्म 'परत करायचे' या फाइलमध्ये लावला.

२ डिसेंबर, सोमवार

संकल्प : रोज पहाटे चारला उठणे. पाचच्या रीडिंगला खांबाजवळ स्वतः हजर असणे.

उठलो ७.२०. पहिला दिवस आहे.

बर्फ आठ सेंटिमीटर. गाडी आली नाही. सिस्टीम चोख आहे. खिडकीतून पाहतो तर एबिनाला न्यायला नेहमीची ती पांढरी व्हॅन आली होती, पण चढेना. चाकं जागच्या जागी फिरली आणि काळा चिखल उडवून ती खालीच थांबली. म्हातारा कठड्याला धरून उतरला. सुनाझावाबाईच्या सलूनपाशी घसरला आणि उरलेला चढ बसूनच खाली गेला. सुनाझावाबाई हातातला वस्तरा तसाच घेऊन बाहेर पळाली. आमची चिझुरुही एप्रनवर धावली. सगळ्या चढाला तमाशा.

या वयात, इतक्या बर्फात, आठवड्यातून तीन-तीनदा गाडी बोलावून कुठे हिंडायचं असतं माणसाला? सोमवार, बुधवार, शुक्रवार, नेमाने. पचिंकोच्या जुगाराचं व्यसन असणार. दुपारी एकला परत येतो तेव्हा चेहरा पांढराफटक, पाय लटपटत. भरदुपारी! मागे एकदा दंडाला पट्टीही होती. कुणाशी तरी हाणामारी.

रात्रीचं मिसो सूप खारट.

४ डिसेंबर, बुधवार

तेरा सेंटिमीटर! गाडी ६.१५ला येऊन गेली. चढ लख्ख.

महापालिकेच्या अॅपवर बाकीचे चढ पाहिले. पलीकडचा हाशिबा चढ, अंतर तीनशे मीटर : चार सेंटिमीटर. आपल्याकडे तेरा. विचार करण्यासारखं आहे.

चारला उठणार होतो. गजर झाला नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

बारा. हाशिबा तीन.

गजर पुन्हा झाला नाही. चिझुरु म्हणते, तुम्हीच झोपेत बंद केला असेल. मी झोपेत काही करत नसतो.

७ डिसेंबर, शनिवार

आज गजर वाजला. चारला! खांबाशी जाऊन उभा राहिलो. उणे नऊ. पाचला रीडिंग पाच सेंटिमीटर. हाशिबालाही पाच. मला पाहायला काहीच नव्हतं. नाकातले केस गोठले. घरी येऊन पुन्हा झोपलो तर दहाला उठलो आणि अख्खा दिवस फुकट.

या घड्याळाचा मला वीट आलाय. शनिवारी वाजतं, सोमवारी वाजत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

चौदा. आता योगायोग म्हणणारा मूर्ख.

मी वहीत चार तारखेपासूनचा तक्ता केला. सोमवार, बुधवार, शुक्रवार : आपल्या चढावर दहाच्या वर. बाकीचे दिवस : हाशिबाइतकाच. म्हणजे या चढावर बर्फाला आठवड्याची लय आहे. एकतीस वर्षं नोंदी ठेवलेल्या माणसालाच हे दिसणार. सैबेरियाकडून येणारा वारा खाडीवर आदळतो, वळतो, आणि आमच्या कुंपणापाशी सगळं ओझं टाकतो. बहुतेक दर अठ्ठेचाळीस तासांनी. रविवारचं काय ते अजून बघायचंय.

चिझुरुला समजावून सांगितलं. तिने ऐकलं आणि तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली. खोकला झाला असावा.

घरात दुखण्यावरच्या पट्ट्यांचा वास भरलाय. कापूर, मेंथॉल आणि म्हातारपण. तिच्या पाठीला दोन, खांद्याला एक. म्हटलं, दिवसभर घरात बसून पाठ कशी दुखते तुझी? म्हणाली, बसूनच दुखते. व्यायाम नाही, दुसरं काय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

अकरा. खांबाखाली जाऊन जवळून पाहणी केली (८.१०). बर्फाच्या कडा सरळ कापल्यासारख्या, चौकोनी, पायरी-पायरीच्या. निसर्गात सहसा असं दिसत नाही. वाऱ्याचा कोन किती अचूक असला पाहिजे! फोटो काढले.

बाजूला कुणीतरी थुंकलंय. बर्फावर पिवळं. सकाळचं सगळं समाधान तिथेच मेलं.

दाराशी चिझुरुचे रबरी बूट ओले. आतपर्यंत ओले. काल बाहेरच गेली नाही म्हणते. मग बुटांना घाम येतो का? बूट नीट वाळवत नाही आणि मला उलट उत्तर. सगळ्या घराला ओल्या लोकरीचा वास.

२३ डिसेंबर, सोमवार

निबंध पूर्ण. 'कारासु चढावरील विशेष हिमवृष्टी : एका नागरिकाचा अभ्यास'. बारा पानं, चार आलेख, तीन फोटो. महापालिकेच्या रस्ते विभागाला पाठवला. माझं नाव शीर्षकात नसलं, तरी विभाग पुढे या पट्ट्याला काहीतरी नाव देईलच. सुचवायचं काम माझं नाही.

आज तेरा.

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्ष. संकल्प : एक, चारला उठणे. दोन, चिझुरुवर न चिडणे. तीन, तांदळाचे चिकट मोची बेताने खाणे.

उठलो नऊला. सहा मोची खाल्ले. चिझुरु ताटावरच डुलक्या काढत होती, तिला बोललो.

सेन्सर पंधरा! वर्षाच्या पहिल्या दिवशी! आणि एबिना? त्याची व्हॅन साडेसातला हजर. अख्खा देश घरात बसून सूप पितोय आणि हा चालला. देवळातसुद्धा नव्हे, कारण दुपारी परत आला तो तसाच पांढरा, तसाच लटपटत. चिझुरु त्याच्यासाठी डबा घेऊन वर गेली. म्हटलं, पिणाऱ्यांना डबे कसले? ती म्हणाली, मीठ न घातलेलं आहे, तुम्हाला आवडलं नसतं. या उत्तराचा अर्थ काय?

१४ जानेवारी, मंगळवार

आज दाढी करायला सुनाझावाबाईकडे. नवरा गेल्यापासून एकटीच सलून चालवते, एकाहत्तर वर्षांची, हात दगडासारखा स्थिर. तोंड मात्र स्थिर नाही.

काल सोमवारी खरोखर दणकून पडला होता, सतरा. पण आज नऊ. एक सेंटिमीटरने गाडी हुकली. बाई म्हणाली, भावोजी, नऊ आणि दहात एवढा काय फरक हो? मी गळ्यावर साबण असतानाही नीट समजावलं. फरक असतो म्हणूनच त्याला आकडा म्हणतात. आज नऊला सोडलं की उद्या आठवाला उभा राहतो, परवा लोक आपल्या मांजराचं कारण देतील. यंत्र कुणाचं तोंड बघत नाही, हीच त्याची थोरवी.

बाई म्हणाली, आणि एखाद्याच्या जिवावर बेतलं तर?

मी म्हटलं, तसं असतं तर तो माणूस रीतसर अर्ज करेल.

वस्तरा माझ्या गळ्यावर होता. तो थांबला.  मग बाई म्हणाली, हलू नका. आणि उरलेली दाढी उरकली. टॉवेल नेहमीसारखा गरम नव्हता. केसाचा एक तुकडा कॉलरमध्ये राहिला तो दिवसभर टोचतोय. गिऱ्हाइकाची किंमत राहिली नाही.

२२ जानेवारी, बुधवार

पत्र!! रस्ते विभागातून. निबंध 'अतिशय लक्षवेधी' वाटला. पायलट प्रोजेक्टच्या इंजिनिअर हाताकेयामाबाई स्वतः येणार, शुक्रवार ३१, पहाटे पावणेपाचला. माझ्यासोबत प्रत्यक्ष निरीक्षण करायचं म्हणतात.

पत्र चारदा वाचलं. चिझुरुला नंतर सांगेन. तिला आधी सांगितलं की ती सगळ्या चढाला सांगते आणि मग गर्दी होते.

३० जानेवारी, गुरुवार

चिझुरुला रात्रीच्या जेवणात सांगितलं. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. म्हणाली, उद्या? पहाटे? शनिवारी नाही का बोलावता येणार त्यांना? म्हटलं, शनिवारी बघायला काय आहे, हाशिबाइतकाच पडतो. म्हणाली, मग रविवारी. म्हटलं, अगं, घटना सोम-बुध-शुक्र घडते, बाई रविवारी येऊन काय माझं तोंड बघतील?

ती म्हणाली, अहो, सोम-बुध-शुक्र म्हटल्यावर तुम्हाला दुसरं काहीच आठवत नाही का हो?

मी आठवलं. जाळायचा कचरा मंगळवार-शुक्रवार. प्लॅस्टिक गुरुवार. म्हटलं, नाही.

ती कोट घालून खाली सुनाझावाबाईकडे गेली. मीठ उसनं आणायला म्हणे. तासाभराने रिकाम्या हाताने आली. आजकाल हिच्या डोक्यात काहीच राहत नाही.

कोट, टोपी, वही, दोन पेनं तयार. लवकर झोपतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

गजर वाजला नाही. दाराची बेल वाजली. ४.४०. हाताकेयामाबाई दारात, हेल्मेट, टॉर्च, चाळिशीची, चेहऱ्यावर झोपेचा लवलेश नाही. मी पायजम्यावर कोट चढवला. चिझुरु अंथरुणात नव्हती. न्हाणीत असेल असं वाटलं.

खांबाशी गेलो. भुरभुर चालू होती. अॅपवर सात. मी बाईंना वाऱ्याचा कोन समजावत होतो. त्या माझ्याऐवजी खाली जमिनीकडे बघत होत्या. मग टॉर्च वळणाच्या पलीकडे फिरवला.

तिथे दोघी उभ्या होत्या. सुनाझावाबाई आणि माझी बायको. दोघींच्या हातात बर्फ ढकलायची मोठी सुपडी, वर ढीग रचलेला. चिझुरुच्या डोक्याला फडकं. उजेड डोळ्यांवर पडला तशी ती थबकली. मला वाटलं, आता वळून जातील.

४.५२ झाले होते. सुनाझावाबाईने मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग सुपडं ढकलत सरळ आमच्याकडे आली, मला म्हणाली, भावोजी, जरा बाजूला व्हा, आणि महापालिकेच्या इंजिनिअरच्या डोळ्यांदेखत सगळा बर्फ सेन्सरखाली ओतला. सुपड्याच्या पाठीने थोपटला. तिच्यामागून माझी बायको. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोपटताना तिचा हात इतका सराईत होता की मला माझ्याच घरातलं माणूस ओळखू येईना.

अॅप : अकरा. पाच वाजले. 'गाडीला निरोप पाठवला.'

 मग हाताकेयामाबाईंनी विचारलं, सोम-बुध-शुक्र सकाळी इथून कोण जातं?

मी म्हटलं, कुणी नाही. एक व्यसनी म्हातारा आहे, पण त्याचा काही संबंध नाही.

चिझुरु म्हणाली, अहो, एबिनाकाकांचं डायलिसिस असतं. तीन वर्षं झाली. अख्ख्या चढाला माहीत आहे.

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, त्यांनी तुम्हाला लिहून दिलं होतं.

हाताकेयामाबाईंनी फॉर्म मागितला. मी आणला. त्यांनी टॉर्च धरला आणि मला वाचावा लागला. 'आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जातो. व्हॅन चढली नाही तर पायी उतरावं लागतं, आणि येताना चढवत नाही. चुकवलं की दोन दिवसांत छातीत पाणी भरतं. अडचण माझ्या एकट्याचीच आहे, म्हणून मागायला संकोच वाटतो.' पेन्सिल बारीक होती. त्या दिवशी चष्मा नसल्यामुळे मला वाचता आलं नसणार.

सुनाझावाबाईने बाईंना सगळं सांगितलं, काही न लपवता. दोन डिसेंबरला काका बसून उतरले, त्या दिवसापासून. यंत्राला आकडाच ऐकू येतो, तर आकडा देऊ, म्हणाली.

हाताकेयामाबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, सेन्सर बरोबरच होता, बर्फ होताच. फक्त पडलेला नव्हता. मग म्हणाल्या, पण सहा चढांना गाड्या दोनच आहेत. इथे गाडी आली त्या प्रत्येक सकाळी हाशिबा चढाला ती तासभर उशिरा पोचली. तिथे पाळणाघर आहे.

सुनाझावाबाईने हे ऐकलं आणि कमरेत वाकून माफी मागितली. चिझुरुनेही. मीही वाकलो, कारण तिघांत एकच उभा असला तर वाईट दिसतं.

साडेसहाला गाडी येऊन गेली. साडेसातला व्हॅन. एबिना बाहेर आला, आम्ही चौघं त्याच्या दारासमोर रांगेत. त्याने एकेकाकडे बघितलं. म्हणाला, काय, कुणी गेलं की काय?

माझा पायजमा घोट्यापर्यंत भिजलेला होता. हे कुणीच मला सांगितलं नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर विचार केला. निष्कर्ष : मला पहिल्यापासून संशय होता. निबंधात मी 'विशेष' हा शब्द वापरलाय, 'नैसर्गिक' असा शब्द कुठेच नाही. म्हणजे निबंध तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

हे चिझुरुला वाचून दाखवलं. ती पट्टी लावायला मागत होती, पाठीमागे हात पोचत नाही म्हणून. रोज कोण लावतं मग? सुनाझावाबाई, म्हणाली. मी लावली. खांद्यापासून कमरेपर्यंत निळं-हिरवं पडलंय. एवढं वजन आठवड्यातून तीन पहाटे. वास असह्य होता. खिडकी उघडली.

फोन आला. सेन्सर सोमवारी काढून दुसरीकडे नेणार, दहाचा नियम मात्र तोच. प्राधान्य यादी नोव्हेंबरात बंद झाली, यंदा काही करता येणार नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी हाताकेयामाबाई फॉर्म स्वतः नेणार आहेत. पेन्सिल चालेल म्हणाल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

तातडीची सभा, सलूनमध्ये. मी मोठ्या मनाने अध्यक्षपद सुनाझावाबाईंकडे सोपवलं. (त्याआधी हात वर करून झाले होते, पण ती औपचारिकता.)

यापुढे दहाच्या आत बर्फ असेल त्या सकाळी एबिनाला घसरगाडीवरून खाली न्यायचं आणि दुपारी वर ओढायचं असं ठरलं. कोण ओढणार? सगळे सिलिंगकडे बघायला लागले. सुनाझावाबाई म्हणाली, भावोजी, आमच्या दोघींच्या पाठी गेल्यात. एवढंच म्हणाली.

मी होकार दिला. अट घातली की नियोजन माझं. एबिना कोपऱ्यात बसला होता. म्हणाला, मी चालत जाईन, पण याच्या नियोजनावर बसणार नाही.

बसेल. दुसरा उपाय काय आहे त्याला?

३ फेब्रुवारी, सोमवार

चार मार्ग, दोन विश्रांतीस्थळं, दोरीला गाठी दर अर्ध्या मीटरवर, असा आराखडा होता.

आठ सेंटिमीटर. एबिनाला बसवलं. उतारावर मी मागून दोरी धरून त्याला रोखायचं. पहिल्या वळणावर मी बसलो. म्हणजे पडलो. घसरगाडी पुढे, मी पोटावर मागे. पण दोरी सोडली नाही, हे नोंदवून ठेवतो. सलूनच्या पायरीला लागून थांबलो. एबिना तसाच बसलेला. मागे वळून म्हणाला, कुरामोची, ब्रेक चांगला आहे, पण आवाज फार करतो.

तोंडात गेलेल्या बर्फाला डिझेलची चव होती. दिवसभर थुंकतोय.

दुपारी वर ओढताना त्याची मान छातीवर, हात पांढरे. नळीच्या जागी दंडाला पट्टी. मध्ये दोनदा थांबलो. आराखड्यात नव्हतं. तो श्वास घेत होता, मी घेत होतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या पट्टीने सहा सें.मी. एकदा पडलो. वर आणताना त्याला उलटी झाली, माझ्या बुटांवर. उपचारानंतर होतं असं कधीकधी, म्हणाला. मी तोंड फिरवलं. मग बर्फाने बूट पुसले. त्याचं तोंडही पुसावं लागलं, त्याचा हात वर जाईना. मला आयुष्यात इतकी किळस कधी आली नव्हती. रात्री जेवलो नाही. चिझुरुने कारण विचारलं नाही, बूट धुऊन स्टोव्हजवळ ठेवले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सात. पडलो नाही.

एबिना फार बडबडतो. बोटीच्या इंजिनांचे किस्से, तेच तेच. खाली उतरेपर्यंत एक संपत नाही, मग उरलेला दुपारी. आजचा दुपारी ऐकायचा राहिला, त्याला झोप लागली होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चिझुरु म्हणाली, एबिनाकाका आज हसत होते. म्हटलं, मला हसतोय तो. म्हणाली, हो, तुम्हालाच.

त्या शुक्रवारी अर्धा राहिलेल्या किस्स्याचा शेवट आज विचारला. इंजिन सुरू झालं की नाही? म्हणाला, नाही झालं, दोन दिवस वाहत होतो, तुझ्या शीतगृहाच्या बोटीने ओढून आणलं. मला ती नोंद आठवत नाही. तापमानाचीच वही माझ्याकडे होती.

१२ मार्च, बुधवार

पाऊस आणि बर्फ एकत्र. लापशी. घसरगाडी रुतते, दोन्ही बाजूंना काळं पाणी. बर्फाखालून चार महिन्यांचा शहराचा कचरा वर येतोय. सिगारेटची थोटकं, कुत्र्यांची घाण, एकेकटे हातमोजे, आणि कुणाचा तरी दात. कवळीचा. मी उचलला नाही.

संकल्प : सोमवारपासून घसरगाडीच्या पट्ट्यांना मेण लावणे. मेण आणलं. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक केलं, मिनिटांसकट. एबिनाच्या गुडघ्यांसाठी जुनी गादी कापून बसवली. चिझुरु म्हणाली, अहो, हवामान बघितलंत का? मी वेळापत्रकात गुंतलो होतो.

१७ मार्च, सोमवार

चारला उठलो. मेण लावलं. सातला एबिनाच्या दारात घसरगाडी, गादी, दोरी घेऊन हजर.

रस्त्यावर बर्फ नव्हता. रात्रीत गेला. वरपासून खालपर्यंत नुसतं डांबर, ओलं, काळं. कडेला चिखल. मला वाटलं, तरी व्हॅनला त्रास होईल, खालचं वळण अवघड आहे.

साडेसातला व्हॅन एका दमात वर आली. एबिना टोपी घालून बाहेर आला, आपल्या पायांनी तीन पायऱ्या उतरला आणि आत जाऊन बसला. मी दोरी हातात घेऊन उभा. खिडकी खाली झाली. मला वाटलं तो काही म्हणेल. तो पलीकडे, समुद्राकडे बघत होता.

ड्रायव्हर मला म्हणाला, काका, ही घसरगाडी जरा बाजूला घेता का? वळवायला जागा नाही.

घेतली. डांबरावर खरडत.